ढाढरच्या मुखाशी हिरवा लेझर चालेल का? उथळ, गढूळ पाण्याचा तळ कसा मोजायचा

रावपुरा_सर्व्हे

नमस्कार मंडळी. ऑफिस बडोद्यात, काम खंभातच्या आखातात. ढाढर नदीच्या मुखापासून उत्तरेला, कावीच्या दिशेने, १२ किमी लांब आणि ३ किमी रुंद पट्टीचा तळ मोजून द्यायचा आहे. किनाऱ्याकडचे साधारण अडीच किमी उधाणाच्या ओहोटीला उघडे पडतात. तिथे नुसता चिखल आणि मधूनमधून ओहोळ. पुढच्या अर्ध्या किलोमीटरात ओहोटीलाही २ ते १० मीटर पाणी राहतं.

ग्राहकाच्या सल्लागाराने लिहून दिलंय की विमानातून हिरव्या लेझरने जमीन आणि समुद्रतळ एकाच फेरीत मोजा, १ मीटरचा ग्रिड (दर १ मीटरच्या चौकोनाला एक खोली) द्या, दर्जा आयएचओ ऑर्डर १ए, म्हणजे आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेची एक श्रेणी. भरतीच्या पाण्यात सेकी तबकडी (पाण्याचा नितळपणा मोजायची चकती) सोडली तर १५-२० सेंमीवर दिसेनाशी होते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हिरवा लेझर इथे चालेल का? नाही तर सगळं मल्टीबीमने (पंख्यासारखे आवाजाचे अनेक झोत सोडणाऱ्या, होडीवरच्या सोनारने) करावं का? आणि खोली कुठल्या शून्यापासून द्यायची?

---

ओळंबा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तबकडीनेच देऊन ठेवलंय.

विमानातला लेझर दोन रंगांत काम करतो. १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. त्याचीच वारंवारिता दुप्पट करून काढलेला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण पाण्यात शिरून तळाला लागतो. दोन्ही परतींमधला वेळ आणि पाण्यातला प्रकाशाचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे २.२५ लाख किमी, यांवरून खोली निघते. हिशोब सोपा आहे, अडचण किरण परत येण्याची आहे. जास्त ताकदीची, खोल पाण्यासाठीची यंत्रं सेकी खोलीच्या दोन ते तीन पट जातात. कमी ताकदीची, दाट ठिपक्यांची यंत्रं एक ते दीड पटीवर थांबतात. तुमच्याकडे २० सेंमी, म्हणजे भारीतलं यंत्र आणलं तरी ६० सेंमी. तेवढ्यासाठी विमान कशाला, बांबू पुरे.

हिरवा लेझर वाईट नाही. लक्षद्वीपसारख्या नितळ पाण्यात, पांढऱ्या वाळूच्या तळावर, जिथे प्रवाळामुळे होडी फिरवणं धोक्याचं, तिथे त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. सोनारच्या पट्ट्याची रुंदी खोलीबरोबर आक्रसते, लेझरची विमानाच्या उंचीवर ठरते, त्यामुळे उथळ पाण्यात तो झपाझप काम उरकतो. पण मही, ढाढर, नर्मदा, तापी यांचा गाळ आणि वर आखाताचा प्रवाह, तो गाळ दिवसातून चार वेळा ढवळणारा. इथे पाणी निवळायला वावच नाही. हिवाळ्यातल्या भांगाला (कमी तफावतीच्या भरतीच्या दिवसांत) जरा बरं असतं, तरी लेझरच्या कामाचं नाही.

कोणी नमुन्याचा डेटा आणून ‘बघा, तळ दिसतोय’ म्हटलं तर एक गोष्ट तपासा. गढूळ पाण्यातले कणच प्रकाश परत पाठवतात आणि सॉफ्टवेअर त्या धूसर परतीलाच तळ समजतं. असा खोटा तळ पाण्याच्या पृष्ठभागाखाली सगळीकडे जवळपास सारख्याच अंतरावर, गुळगुळीत दिसतो. ओहोळाच्या काठावरही त्याला उतार नसतो. खरा चिखल असा वागत नाही.

---

मापारी

ओळंबांशी सहमत. पण सल्लागाराचा मूळ हेतू, कोरडं आणि ओलं यांच्या मधे कोरी पट्टी राहू नये, तो बरोबर आहे. इतर किनाऱ्यांवर ही पट्टी डोकेदुखी असते, कारण होडी तिथवर येत नाही आणि जमिनीवरचा लेझर पाण्यात जात नाही. तुमच्याकडे मात्र ती भरायला भरती-ओहोटीच हाताशी आहे. भावनगरला उधाणाची तफावत १० मीटरच्या वर जाते, तुमच्या बाजूला ८ मीटर धरून चला. जे उधाणाच्या भरतीला होडीखाली असतं, तेच सहा तासांनी उघडं पडतं. कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं आणि पुन्हा वर येतं, ते ज्यामुळे, त्याच्यावरच तुमचं काम बसवा. ओहोटीला साध्या लेझरने वरून चिखल मोजायचा, भरतीला सोनारने पाणी, आणि दोघांचा कित्येक मीटर उंचीचा सामाईक पट्टा एकमेकांवर ताडून बघायचा.

दुसरा प्रश्न: सगळं मल्टीबीमने का नको? आकडे मांडतो.

१२० अंशांचा पंखा धरला तर पट्ट्याची रुंदी खोलीच्या ३.५ पट. भरतीला चिखलपट्टीवर डोक्याखाली ४ मीटर पाणी असेल तर १४ मीटरचा पट्टा. २५ टक्के एकमेकांवर चढवला की रेषेतलं अंतर १० मीटर. नुसत्या अर्ध्या किलोमीटर रुंदीला ५० रेषा, प्रत्येकी १२ किमी, म्हणजे ६०० किमी. ५ नॉटने ६५ तास. भरतीच्या माथ्याभोवती कामाचे चार तास मिळतात, दिवसाउजेडी एकच भरती धरा, म्हणजे १६ दिवस. आणि उधाणाचे चांगले दिवस पंधरवड्याला पाचेक, म्हणजे दीड महिना. हे फक्त अर्ध्या किलोमीटरचं. अडीच किमीसाठी पाचाने गुणा आणि पावसाळा मधे येतो का बघा.

तेच काम उभ्याने उडून आडवं जाणाऱ्या पंखवाल्या ड्रोनने: ११० मीटर उंची, लेझरचा ७० अंशांचा कोन, पट्टा १५४ मीटर, ३० टक्के चढाव, रेषेतलं अंतर १०८ मीटर. अडीच किमीला २४ रेषा, २९० किमी. ताशी ५८ किमीने पाच तास, वळणं आणि बॅटऱ्या धरून सात. ओहोटीच्या तळाभोवती दोन-अडीच तास मिळतात, म्हणजे तीन ओहोट्या. एकाच उधाणात उरकतं.

एक बारकावा. एखाद्या ठिकाणी उधाणाची भरती दर वेळी घड्याळात साधारण त्याच सुमारास येते, कारण उधाण अमावास्या-पौर्णिमेला बांधलेलं आहे. ओहोटी भर दुपारी असली तर दोन्ही भरत्या सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे होडीसाठी अंधुक. तक्ता बघूनच ठरवा की कुठलं काम नेमक्या उधाणाला आणि कुठलं दोन-तीन दिवस पुढे सरकवून. दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे जाते.

मल्टीबीम फक्त बाहेरच्या अर्ध्या किलोमीटरला आणि मोठ्या ओहोळांच्या तोंडाला लावा. चिखलावर तपासणीसाठी किनाऱ्याला काटकोनात २०० मीटर अंतराने सिंगल बीमच्या (सरळ खाली एकच झोत सोडणाऱ्या सोनारच्या) रेषा मारा. मल्टीबीमच्या रेषा मात्र समखोली रेषांना समांतर, म्हणजे इथे प्रवाहाच्याही दिशेने. आडव्या प्रवाहात होडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दिशा दोन अँटेनांच्या जीएनएसएसवरून (जीपीएससारख्या उपग्रह-यंत्रणेवरून) घेतलीत तरच ते पुढे सावरता येतं, चुंबकीय होकायंत्रावर नाही.

---

चिखलगाळ

सोनारबद्दल, कारण चूक तिथेच होते.

इथे ‘तळ’ एक नाही. खाली घट्ट चिखल, त्याच्यावर रेंदा. तो पाण्यासारखा वाहतो पण २०० किलोहर्ट्झचा आवाज त्याच्या माथ्यावरूनच परततो. ३३ किलोहर्ट्झ त्यातून खाली घट्ट थरापर्यंत जातो. दोन्हींत मीटरभर फरक निघू शकतो आणि दोन्ही खरे असतात. म्हणून सिंगल बीम दुहेरी वारंवारितेचाच घ्या, दोन्ही खोल्या स्वतंत्र नोंदवा आणि ग्राहकाला लेखी विचारा की त्याला कुठली हवी. गाळाच्या काही बंदरांत घन मीटरला १२०० किलो घनतेची पातळी जहाजासाठी तळ मानतात, पण ते घनता मोजल्याशिवाय म्हणता येत नाही. मल्टीबीम ४०० किलोहर्ट्झवर चालवू नका. गाळ ती वारंवारिता जास्त खातो. २०० वर ठेवा.

आवाजाचा वेग. यंत्रात १५०० मीटर प्रतिसेकंद ठेवून निघालात आणि पाणी २८ अंश सेल्सिअस, क्षारता ३० असेल तर खरा वेग १५३५ च्या आसपास. १० मीटरला २३ सेंमीची चूक, तीही सगळीकडे सारखी, म्हणून नजरेत भरत नाही. नदीच्या तोंडाशी क्षारता ५ वर आली की वेग १५१० पर्यंत उतरतो. एका भरतीत पाणी खारं-गोडं होत राहतं, सकाळचा एक प्रोफाइल (खोलीनुसार आवाजाच्या वेगाची नोंद) दिवसभर चालवणं इथे जमणार नाही. तासाला एक घ्या, ढाढरच्या तोंडाशी अर्ध्या तासाला. प्रोफाइल चुकल्याचं चिन्ह ठरलेलं आहे. सपाट तळ पट्ट्याच्या दोन्ही कडांना वर वळतो किंवा खाली झुकतो. कडा हसऱ्या किंवा रडक्या दिसल्या की पुढे जाऊ नका.

पॅच टेस्ट (यंत्र बसवताना राहिलेले कोनांचे आणि वेळेचे फरक शोधायची चाचणी) याच क्रमाने:

लेटन्सी (वेळेतला उशीर): उतारावर एकच रेषा, एकाच दिशेने, दोन वेगांनी.
पिच (पुढे-मागे कल): तीच रेषा, तोच वेग, उलटसुलट दिशांनी.
रोल (बाजूचा कल): सपाट तळावर एकच रेषा, उलटसुलट.
हेडिंग (दिशा): एखाद्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनी समांतर रेषा, एकाच दिशेने.

रोलवर सगळ्यात जास्त वेळ घाला. अर्ध्या अंशाची चूक १० मीटर खोलीला ६० अंशांच्या कडेवर १५ सेंमी होते. आणि खांब. ट्रान्सड्युसरचा (आवाज सोडून परत ऐकणाऱ्या भागाचा) खांब होडीच्या बाजूला दोन नटांवर लावतात आणि पाच नॉटच्या प्रवाहात तो लवतो. वर आणि खाली दोन्हीकडे आधार द्या, पुढून-मागून दोरखंड ताणा, खांब पुन्हा बसवलात तर पॅच टेस्टही पुन्हा.

बार चेकची रंगीत तालीम आजव्याच्या तलावात करून घ्या. साखळीवर १ मीटरच्या खुणा करून पत्रा ट्रान्सड्युसरखाली २, ४, ६ मीटरवर सोडा. गोड्या पाण्याचा वेग नीट भरला असेल तर उरलेला स्थिर फरक म्हणजे ड्राफ्टची (ट्रान्सड्युसर पाण्यात किती खाली आहे त्याची) चूक. जवळ पडते म्हणून विश्वामित्री नदीत करू नका, ट्रान्सड्युसर बसवायला पाण्यात हात घालावा लागतो आणि मगरी तिथल्या कायमच्या रहिवासी आहेत. मगरी आजव्यातही आहेत, तेव्हा तिथेही जपून.

---

रावपुरा_सर्व्हे

खूप आभार. आता आणखी दोन गोष्टी. ड्रोनवाल्याने १५५० नॅनोमीटरचा सेन्सर देऊ केलाय. आणि भरती मोजायला आमच्याकडे दाबावर चालणारा एक गेज आहे, तो ढाढरच्या तोंडाशी एका खुंटाला बांधायचा विचार आहे. पुरेल?

---

ओळंबा

१५५० नको. पाणी ती तरंगलांबी फार शोषतं. ओल्या चिखलावरून परत क्षीण येते आणि जिथे पापुद्रा पाण्याचा आहे तिथे काहीच येत नाही. ९०५ किंवा १०६४ मागा. तरी डबक्यांच्या जागी भोकं पडणारच. ती सॉफ्टवेअरला भरू देऊ नका, भोक म्हणून दाखवा आणि भरतीच्या सिंगल बीमने भरा.

जमिनीवरच्या खुणा चिखलावर ठेवल्यात तर त्या खचतात. सकाळी मोजलेली फळी दुपारी ५ सेंमी खाली. खुणा बंधाऱ्यावर, जेट्टीवर किंवा दोन-तीन मीटर खोल ठोकलेल्या लोखंडी पाइपच्या टोकावर घ्या.

---

मापारी

एक गेज पुरणार नाही, आणि तो प्रकारही इथे चुकीचा.

दाबाचा गेज पाण्याचं वजन मोजतो, उंची नाही. घनता १००५ वरून १०३० झाली तर ८ मीटरच्या स्तंभाला २० सेंमी फरक. त्यात खुंट असा निवडला की ओहोटीला उघडा पडतो, तर आलेख खाली सपाट कापला जातो, आणि नेमकं तेच शून्य तुम्हाला हवं असतं. सेन्सर गाळात पुरला गेला की वाचन हळूहळू सरकत जातं, ते निराळंच. शक्य असेल तिथे जेट्टीवर रडार गेज लावा, जो वरून पृष्ठभाग बघतो. आणि दोन लावा, कामाच्या दोन्ही टोकांना, कारण आखातात आत जावं तशी तफावत वाढते आणि वेळही सरकते.

वेळेचं महत्त्व बघा. ८ मीटरची भरती सहा तासांत चढली, तर बाराव्या हिश्श्यांच्या नियमाने मधल्या दोन तासांत ताशी २ मीटर, म्हणजे मिनिटाला ३.३ सेंमी. गेज आणि होडी यांच्यात दहा मिनिटांचा फरक पडला की ३३ सेंमी गेले. ऑर्डर १ए ची उभी सूट १० मीटर खोलीला जेमतेम ५२ सेंमी आहे, त्यातली निम्म्याहून जास्त नुसत्या घड्याळावर उडाली. नदीच्या तोंडाशी भरती चटकन चढते आणि ओहोटी रेंगाळते, त्यामुळे तिथे हा नियमही आशावादीच ठरतो.

म्हणून होडीची उंची सरळ जीएनएसएसने घ्या. आरटीके (मोजतानाच मिळणारी सेंटिमीटरची दुरुस्ती) मिळत असेल तर उत्तम, नाहीतर कच्चा डेटा साठवून नंतर पीपीकेने सोडवा. बेससाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सचा, म्हणजे कायम चालू जीएनएसएस स्थानकांच्या जाळ्याचा, आधार घ्या. मग भरती, होडीचं वरखाली होणं, वेगाने बसणं, सगळं एकाच मापात येतं. गेज राहतो तो शून्य ठरवायला आणि पडताळायला.

आता शून्य. इथे तीन शून्यं आहेत आणि तिन्ही एकाच फाइलमध्ये घुसतात. जीएनएसएसची उंची लंबगोलापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून), आणि इकडे समुद्राची सरासरी पातळी त्या लंबगोलाच्या पन्नासहून अधिक मीटर खाली आहे. ड्रोनवाला भू-आकृतीचं मॉडेल लावून सरासरी समुद्रपातळीत देतो. आणि नौकानकाशाचं शून्य, चार्ट डेटम, हे जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीचं, म्हणजे सरासरीच्या कित्येक मीटर खाली. इतरत्र हा फरक मीटरभराचा असतो, कोणी गोंधळ घातला तरी धकून जातं. तुमच्याकडे अख्खा चिखलपट्टा जमिनीचा समुद्र होईल. शिवाय नकाशावर खोली खाली मोजून धन असते आणि उघडी पडणारी जागा शून्याच्या वर, वेगळ्या खुणेने. ड्रोनच्या फाइलमध्ये चिन्हं उलट असतात.

करायचं असं. गेजच्या शून्यावर सहा-आठ तास स्टॅटिक जीएनएसएस घेऊन त्याची लंबगोलीय उंची काढा. गेज निदान ३० दिवस चालवा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची दोन चक्रं सापडतात. त्यावरून आणि जवळच्या प्रमाणित बंदराशी तुलना करून चार्ट डेटम गेजवर आणा. दोन्ही गेजांवरचा लंबगोल ते डेटम फरक वेगवेगळा येईल. तो मधल्या १२ किमीवर सरळ रेषेत वाटा. सगळा डेटा, लेझरचाही आणि सोनारचाही, शेवटपर्यंत लंबगोलावरच ठेवा आणि एकदाच, एकाच तक्त्याने, डेटमवर उतरवा.

सामाईक पट्ट्यात लेझर वजा सोनार असा फरकाचा नकाशा काढा. सगळीकडे सारखा फरक आला तर शून्य किंवा ड्राफ्ट बघा. रेषांचे पट्टे दिसले तर रोल. एका टोकाला वाढत गेला तर डेटमची वाटणी. ओहोळांच्या तळाशीच आला तर रेंदा, किंवा दोन मोजण्यांच्या मधे ओहोळच सरकला. इथे तो सरकतो, म्हणून लेझर आणि सोनार यांत पंधरा दिवसांहून जास्त अंतर ठेवू नका.

---

उधाण_भांग

दर्जाबद्दल एक मुद्दा सुटला. ऑर्डर १ए म्हणजे २ मीटरची घनाकार वस्तूही सापडली पाहिजे, सगळीकडे शोध घेऊन. सिंगल बीमच्या २०० मीटर अंतराच्या रेषांनी ते कागदावर कधीच बसणार नाही. बाहेरच्या पाण्याला १ए आणि चिखलपट्टीच्या सोनारला १बी (वस्तूंचा शोध न मागणारी श्रेणी) असं करारात आत्ताच फोडून घ्या. जिथे जहाज जाणारच नाही तिथे १ए मागून ग्राहकाचाच खर्च वाढतो.

साइड-स्कॅन (बाजूंना आवाज सोडून तळाचं चित्र काढणारा सोनार) कोणी सुचवेल. वस्तू शोधायला चांगला, पण त्यातून खोली मिळत नाही, आणि जोरदार प्रवाहात होडीमागे ओढलेला ‘मासा’ (त्याचा सेन्सर) डोलला की चित्रात सरळ रेषा आणि चौकोन उमटतात. याच आखातातल्या अशा चित्रांवरून २००१ मध्ये बुडालेल्या नगराची घोषणा झाली होती. त्यावर अजून वाद चालू आहे. चौकोन दिसला तर काटकोनात दुसरी रेषा मारल्याशिवाय अहवालात घालू नका.

परवानग्या आधी. ड्रोनसाठी डिजिटल स्कायवर (सरकारच्या ड्रोन पोर्टलवर) झोन तपासा. दहेजच्या बाजूला बंदर आणि कारखाने आहेत, हिरव्या झोनमध्येही १२० मीटरच्या वर जायचं नाही. खोलीच्या माहितीला २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांत जमिनीपेक्षा वेगळ्या मर्यादा आहेत, त्या करारापूर्वी वाचा.

आणि माणसं चिखलावर चालत पाठवू नका. भरती समोरून चढताना दिसते, पण आधी ती मागच्या ओहोळांतून भरते आणि परतीची वाट बंद करते. खुणा लावायला होडीनेच जा, ओहोटी सुरू व्हायच्या आत पाइप ठोका, होडीखाली पाणी असतानाच बाहेर पडा.

---

रावपुरा_सर्व्हे

सल्लागाराला कळवतो: हिरवा लेझर रद्द, ओहोटीला १०६४ चा ड्रोन, भरतीला बाहेर मल्टीबीम आणि आत दुहेरी सिंगल बीम, दोन रडार गेज ३० दिवस. १ मीटरच्या ग्रिडचं काय करू? सिंगल बीमच्या भागात १ मीटर देणं खोटं वाटतं.

---

चिखलगाळ

खोटंच आहे. लेझर आणि मल्टीबीमच्या भागाला १ मीटर द्या. ओहोळांतल्या भोकांत, जिथे फक्त सिंगल बीम आहे, तिथे रेषेवरचे बिंदू तसेच द्या, मधलं रिकामं. ग्रिडबरोबर आणखी दोन थर जोडा, दर चौकोनात किती बिंदू पडले आणि त्यांचा प्रमाणित विचलनाचा आकडा. आणि ३३ व २०० किलोहर्ट्झच्या खोल्या वेगळ्या फाइलींत, नावातच वारंवारिता आणि डेटम लिहून.

गेजचा एक महिना आधी सुरू करा, होडी नंतर. उलटं केलंत तर पहिल्या उधाणाचा डेटा डेटमविना पडून राहतो आणि बिल अडकतं.